जामखेडचा कारखाना आणि कुलूपबंद उपचारकेंद्रे : नगर जिल्ह्यातील अपंग-पुनर्वसनाचा पूर्वेतिहास

2024 साली ज्याचे अधिकृत नाव अहिल्यानगर झाले, त्या अहमदनगर जिल्ह्यातील अपंग-पुनर्वसनाचा इतिहास इमारतींच्या उद्घाटनांवरून लिहायला घेतला, तर तो फसवा ठरण्याची शक्यता मोठी आहे. कारण पुनर्वसन, म्हणजे दुखापत, आजार किंवा जन्मजात दोष यांमुळे गमावलेली हालचाल व कामाची क्षमता शक्य तितकी परत मिळवून देण्याची प्रक्रिया, महिनोन्‌महिने चालते आणि ती चालवणारा हात रोज हजर असावा लागतो. उपकरणे आणून ठेवलेली, परंतु फिजिओथेरपिस्टाचे पद रिक्त असलेली खोली कागदोपत्री केंद्र म्हणूनच मोजली जाते, हा अनुभव महाराष्ट्राच्या ग्रामीण भागाला नवा नाही.

जिल्ह्यातील आधुनिक वैद्यकसेवेची मुळे अमेरिकन मराठी मिशनपर्यंत जातात. मिशनचे नगरमधील कार्य 1831 साली सुरू झाले आणि पुढे नेवासे तालुक्यातील वडाळ्यासारख्या ठिकाणीही मिशनचे रुग्णालय उभे राहिले. याच वडाळ्याला 1960 च्या दशकात डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी काही वर्षे काम केले. दोघांचे वैद्यकीय शिक्षण वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात झाले होते. कुष्ठरोगात मज्जातंतू बाधित होऊन वाकलेली बोटे स्नायुबंधांची जागा बदलून पुन्हा कामाला लावण्याच्या शस्त्रक्रिया डॉ. पॉल ब्रँड यांनी तेथे 1948 च्या सुमारास सुरू केल्या होत्या. शस्त्रक्रियेनंतर त्या हाताला पकड नव्याने शिकवावी लागते, म्हणजे सर्जनचे काम संपते तेथे व्यायामोपचार देणाऱ्याचे काम सुरू होते, हा धडाही त्याच परंपरेतला. वडाळ्याच्या अनुभवातून आरोळे दांपत्याने आणखी एक निष्कर्ष काढला : रुग्णालयात बरा झालेला रुग्ण त्याच पाण्याकडे, त्याच उपासमारीकडे आणि त्याच बहिष्काराकडे परत जात असेल, तर खाटा वाढवून फारसे साधत नाही. अमेरिकेतील उच्च शिक्षण आटोपून ते परतले आणि 1970 साली जामखेड या अवर्षणप्रवण तालुक्यात त्यांनी सर्वांगीण ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. प्रारंभीचा दवाखाना भरला तो गुरांच्या जुन्या दवाखान्याच्या जागेत. वापरातून गेलेली वास्तू नव्या उपचारांसाठी उघडण्याचे याहून ठळक उदाहरण जिल्ह्याच्या इतिहासात सहसा सापडणार नाही.

या प्रकल्पाने गावातील स्त्रियांना, ज्यांत अनेक दलित आणि निरक्षर होत्या, ग्राम आरोग्य सेविका म्हणून तयार केले, आणि कुष्ठरोगाचा प्रश्न त्यांच्यामार्फत गावातच हाताळला. याचे महत्त्व समजण्यासाठी विदर्भाकडे पाहावे लागते. मनोहर दिवाण यांचे वर्ध्याजवळील दत्तपूर (1936), डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांचे अमरावतीचे तपोवन (1946) आणि बाबा आमटे यांचे आनंदवन (1949) या संस्थांनी समाजाने हाकललेल्यांना स्वतंत्र वसाहतीत घर आणि श्रम दिले. त्या काळी दुसरा मार्गही क्वचितच मोकळा होता. जामखेडने मात्र रुग्णाला त्याच्या गावातून न हलवण्याचा आग्रह धरला. बधिर पाय रोज पाण्यात भिजवून तेल लावणे, आखडणारी बोटे ताणणे, मऊ रबराची एमसीआर चप्पल वापरणे, जखम लवकर ओळखणे या कुष्ठरोग-शुश्रूषेतील साध्या क्रिया आहेत आणि त्यांना कुलूप लागणारी खोली लागत नाही.

काही गोष्टींना मात्र खोली, ऐरण आणि कारागीर लागतातच. रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी 1968 च्या सुमारास घडवलेला जयपूर फूट, म्हणजे रबराचा असा कृत्रिम पाय की ज्यावर अनवाणी चालता येते, उकिडवे बसता येते आणि शेताच्या चिखलात उतरता येते, जामखेडच्या प्रकल्पात तयार होऊ लागला, तो पदवीधर तंत्रज्ञांची वाट न पाहता हाताखाली शिकलेल्या स्थानिक माणसांकडून. अ‍ॅल्युमिनिअमचा पत्रा ठोकून पायाची नळी घडवणे हे काम भांडी घडवणाऱ्या कारागिराच्या कौशल्याला जवळचे असल्यामुळेच हे शक्य झाले. शिवाय कृत्रिम पाय एकदा देऊन भागत नाही. उरलेल्या पायाचा आकार बदलतो, वाढत्या मुलाला तर थोड्या थोड्या काळाने नवा पाय किंवा नवे कॅलिपर (दुबळ्या पायाला बांधायचा धातूचा आधार) लागते. परत येणाऱ्या माणसांना दुरुस्त करून देणारा कोणीतरी तेथेच राहतो, ही कोणत्याही शिबिरी वाटपाला न साधणारी गोष्ट आहे. आरोळे दांपत्याला 1979 साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला तो सामुदायिक आरोग्याच्या कामासाठी. त्या गौरवात कृत्रिम पाय घडवणाऱ्या या कारखान्याकडे तुलनेने कमी लक्ष गेले आहे.

सरकारी प्रयत्नांची वाट वेगळी होती. मुंबईत 1955 साली अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था स्थापन झाली, 1995 साली अपंग व्यक्तींसाठी पहिला व्यापक केंद्रीय कायदा आला, आणि शतकाच्या अखेरीस जिल्हा अपंग पुनर्वसन केंद्रांची योजना सुरू झाली. एका छपराखाली व्यायामोपचार, वाचा व श्रवण उपचार आणि कृत्रिम अवयव देणाऱ्या या केंद्रांना सामान्यतः पहिली तीन वर्षे केंद्र सरकारचे पाठबळ आणि नंतर राज्य व स्थानिक संस्थांचा भार, अशी मूळ रचना होती. चौथ्या वर्षाचे वेतन कोणाच्या लेखाशीर्षातून निघेल हे आधी न ठरल्यास काय होते, याचा अंदाज बांधायला प्रशासनाचे फार ज्ञान लागत नाही. मंजूर केंद्रे आणि प्रत्यक्ष चालू केंद्रे यांच्या संख्येत देशभर तफावत राहिली. नगर शहराजवळ विळद घाटात आणि प्रवरा परिसरात लोणीला वैद्यकीय संस्थांमुळे फिजिओथेरपीचे शिक्षण व उपचार उपलब्ध झाले, पण जामखेडहून नगर सुमारे 75 किलोमीटर आहे, आणि आठवड्यातून तीनदा उपचार लागणाऱ्या मुलाच्या आईसाठी त्या अंतराचा हिशेब बुडालेल्या मजुरीतच होतो.

मंजूर होऊनही बंद राहिलेल्या केंद्राची खोली उघडण्याची मागणी आज दयेच्या भाषेत करावी लागत नाही. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने शासन आणि स्थानिक प्राधिकरणांवर पुनर्वसन सेवा पुरवण्याचे कर्तव्य ठेवले आहे, जरी त्याच कलमात आर्थिक क्षमतेच्या मर्यादेची पळवाटही आहे. महाराष्ट्रात 2022 साली स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग झाला, आणि स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वउत्पन्नातील पाच टक्के रक्कम दिव्यांगांसाठी राखून ठेवण्याचा नियमही आहे. ही रक्कम वैयक्तिक वस्तू किंवा अर्थसाहाय्य देण्यात संपवणे सोपे असते, कारण वाटपाचा हिशेब मार्चअखेर पूर्ण होतो आणि उपचारकाच्या पगाराचा होत नाही. एका लहान ग्रामपंचायतीच्या पाच टक्क्यांत कोणाचाही पगार निघणार नाही हेही खरे. त्यामुळे तालुक्यातील ग्रामपंचायती आणि नगरपालिका यांचा निधी एकत्र आणून त्यातून एका फिजिओथेरपिस्टाची नेमणूक करण्याची तजवीज जिल्हा परिषदेलाच करावी लागेल.