असईची शिशाची गोळी आणि तिचे वेष्टन

आजच्या जालना जिल्ह्यातील भोकरदन तालुक्यात, केळना व जुई या नद्यांमधील भूमीवर, २३ सप्टेंबर १८०३ रोजी असईची लढाई झाली. वेलस्लीचे नदी ओलांडणे आणि शिंद्यांच्या पदरच्या पोलमनची कवायती पायदळे यांविषयी विपुल लेखन झाले आहे. त्या पायदळांनी झाडलेल्या गोळीचा विचार त्या मानाने थोडा झाला; आणि जो होतो तो बहुधा १८५७ चे काडतूस मनात धरून होतो. कालविपर्यासाचा हा दोष लहान नव्हे.

असईची गोळी वाटोळी, निव्वळ शिशाची होती. तिच्यावर लेप नव्हता. कंपनीच्या ठासणीच्या बंदुकीची नळी आतून गुळगुळीत व सुमारे पाऊण इंच व्यासाची. गोळी तीहून सुमारे दीड मिलिमीटरने लहान. ती नळीत सैल बसे, म्हणून दारूची काजळी साचली तरी गजाने खाली ढकलता येई. नेम यथातथाच असे. परंतु सबंध पलटणीची फैर हेच जेथे शस्त्र, तेथे त्यावाचून अडत नसे. गोळी व दारू ज्या कागदात असत तो केवळ पुडा होता. शिपाई तो दातांनी फोडी. म्हणजे काडतूस चावणे ही १८५७ ची नवलाई नव्हे, जुनीच कवायत होय. पोर्तुगीजांकडून आलेल्या 'काडतूस' या शब्दाच्या मुळाशीही कागदाच्या सुरळीचीच कल्पना आहे, चरबीची नाही.

१८५३ च्या नमुन्याच्या एन्फील्ड रायफलीने हे गणित पालटले. तिच्या नळीत मळसूत्री खाचा होत्या. लांबट, बुडाशी पोकळ गोळी बार उडताच फुगून त्या खाचांत घट्ट बसे. पल्ला व नेम दोन्ही वाढत. पण घट्टपणामुळे काजळीची अडचण असह्य झाली आणि गोळीभोवतीच्या कागदाला वंगण लावणे प्राप्त झाले. वंगण ही यंत्राची गरज होती. ते प्राण्याच्या चरबीचे असावे ही नव्हती. जानेवारी १८५७ मध्ये सरकारने शिपायांना आपले वंगण आपण लावण्याची मुभा दिली, तोवर संशय चरबीवरून कागदावर गेला होता. २६ फेब्रुवारीला बेऱ्हमपूर येथे १९ व्या पलटणीने जी काडतुसे नाकारली ती जुन्या बंदुकीची, वंगण नसलेली होती; असईच्या शिपायाने निःशंकपणे दातांत धरली त्याच जातीची. ३१ मार्चला बराकपूर येथे ती पलटण मोडण्यात आली. वस्तू तीच राहून तिचा अर्थ बदलला, ही गोष्ट केवळ शस्त्रांच्या इतिहासात उमगणारी नाही.

जालन्यास पुढे लष्करी छावणी होती, हेही क्षेत्राभ्यास करणाराने ध्यानी धरावे. या परिसरात सापडलेली लांबट, बुडाशी पोकळ गोळी १८०३ च्या लढाईची असू शकत नाही. वाटोळी गोळी असू शकेल, पण केवळ आकारावरून ती कोणत्या पक्षाची हे ठरत नाही.