बाबासाहेबांचे अनेक विषय आणि एक प्रश्न

आपल्या वस्त्यांमधल्या अभ्यासिकेत एक वाद नेहमी रंगतो. एखादा पोरगा स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करता करता जलशात ढोलकी वाजवतो, रविवारी विहारात पाली शिकायला बसतो आणि मधल्या वेळात कुणाच्या जातीच्या दाखल्यासाठी तहसील कचेरीच्या चकरा मारतो. मग कुणीतरी वडीलधारा त्याला सुनावतो, "एक ना धड, भाराभर चिंध्या!" उलट बाजूचा टोमणाही तयारच असतो. जो वर्षानुवर्षं एकाच कामात गढलेला आहे त्याला म्हणतात, "याला चळवळीचं काय पडलंय?"

मी हे दोन्ही ऐकलं आहे. एम.ए.ला असताना एका प्राध्यापकांनी मला विचारलं होतं, "समाजकार्य की समाजशास्त्र, एक काय ते ठरवा." तेव्हा उत्तर सुचलं नाही. आज ते आपल्या इतिहासात शोधतो आहे.

'एकच धर' हा सल्ला आला कुठून?

या देशात 'एकानं एकच काम करावं' हा नियम शतकानुशतकं धर्माच्या नावानं चालला. सुताराच्या पोरानं रंधा धरायचा, कुंभाराच्या पोरानं चाक. आवड, कुवत, इच्छा यांना तिथं जागाच नव्हती. १९३६ साली 'जातिप्रथेचे निर्मूलन' या भाषणात बाबासाहेबांनी याच ठिकाणी बोट ठेवलं. जातिव्यवस्थेचे समर्थक तिला श्रमविभागणी म्हणत. बाबासाहेबांनी दाखवून दिलं की ही श्रमिकांचीच विभागणी आहे, तीही उतरंडीची, आणि तिच्यात माणसाच्या निवडीला काडीची किंमत नाही.

पण गावगाड्यात महाराची गत आणखी वेगळी होती. त्याच्या वाट्याला एकही कसब आलं नाही. मेलेलं ढोर ओढायचं, सांगावा पोचवायचा, गावाची शीव राखायची, सरकारी माणसापुढे धावायचं, मयताची खबर घेऊन गावोगाव हिंडायचं. कामं ढीगभर, पण त्यांतलं एकही त्यानं निवडलेलं नाही. ज्या कामात हात बसला म्हणून मोल वाढावं असं एकही काम त्यात नाही. बावन्न हक्कांचा कितीही गौरव केला तरी वतन म्हणजे अख्ख्या गावाची वेठ होती. म्हणूनच १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात महार वतनाचं बिल आणलं. ही वतनं कायद्यानं रद्द व्हायला पुढे १९५८ साल उजाडलं.

तेव्हा मित्रांनो, काम एक की अनेक, एवढ्यावर मोजमाप करता येत नाही. सुताराला एकच काम होतं आणि महाराला पन्नास, पण दोघेही बांधलेलेच होते. आपल्या घरातल्या बायांचंही तेच आहे. पहाटेपासून रात्रीपर्यंत त्या दहा कामं करतात, पण त्यांना कुणी 'बहुआयामी व्यक्तिमत्त्व' म्हणत नाही. त्यामुळे पहिला प्रश्न असा विचारायचा, की हे काम निवडलं कुणी?

साठ अभ्यासक्रमांमागचा माणूस

१४ एप्रिल जवळ आला की मोबाईलवर पोस्टर फिरू लागतात. बाबासाहेबांच्या पदव्यांचा आकडा त्यात दरवर्षी वाढत जातो. अभिमान समजू शकतो, पण पदव्या मोजताना त्या कशासाठी मिळवल्या हेच आपण विसरतो.

कोलंबिया विद्यापीठात १९१३ ते १९१६ या काळात त्यांनी घेतलेल्या अभ्यासक्रमांची यादी उपलब्ध आहे. अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३, शिवाय प्राथमिक फ्रेंच आणि जर्मन. वरवर पाहणाऱ्याला या चिंध्याच वाटतील. पण ९ मे १९१६ रोजी गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात त्यांनी 'भारतातील जाती' हा निबंध वाचला, तेव्हा हे सगळे विषय कुठे एकत्र येत होते ते दिसलं. जात टिकते ती जातीतल्या जातीत लग्नं लावून, आणि त्यासाठी बाईवर बंधनं घालून, ही मांडणी एकाच विषयाच्या चौकटीत राहून झाली नसती.

पुढचंही पाहा. १९१८ साली त्यांनी भारतातल्या लहान शेतजमिनींवर लेख लिहिला. तुकडे जोडा म्हणजे शेती सुधारेल, असं तेव्हाचे जाणकार सांगत होते. बाबासाहेबांनी दुखणं वेगळं ओळखलं. जमिनीवर माणसांचा भार जास्त आहे, रिकाम्या हातांना उद्योगधंद्यात काम मिळालं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं होतं. १९२३ साली 'रुपयाचा प्रश्न' हा ग्रंथ आला. चलन आणि विनिमय दर म्हणजे कोरडा विषय. पण तिथंही त्यांची नजर मजुरावर आहे. रुपयाची किंमत घसरली की भाव आधी वाढतात, मजुरी मागे राहते आणि व्यापाऱ्याचा नफा मजुराच्या ताटातून जातो. हाच माणूस १९३८ साली खोतीविरुद्ध कोकणातल्या शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत कायदेमंडळावर नेतो आणि १९४२ ते १९४६ मजूरमंत्री म्हणून कामगार कायदे आणि दामोदर खोऱ्याची योजना हाताळतो. विषय बदलत गेले, पण माणसाला माणसापासून तोडणारी आणि कष्टकऱ्याला नागवणारी व्यवस्था कशी चालते आणि ती कशी मोडायची, हा प्रश्न तोच राहिला.

चवदार तळ्याचं उदाहरण घ्या. १९२३ साली बोले ठराव झाला, १९२४ साली महाड नगरपालिकेनं तळं खुलं केल्याचा ठराव केला आणि २० मार्च १९२७ रोजी आपली माणसं पाणी प्यायली. इथपर्यंतचा इतिहास सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्यानंतर दहा वर्षं कोर्टकज्जा चालला, हे आपण क्वचितच सांगतो. तळं खाजगी आहे आणि अस्पृश्यांना मज्जाव ही पुरातन वहिवाट आहे, असा सवर्णांचा दावा होता. तो मोडायला कायदा हवा होता, नगरपालिकेचे कागद हवे होते, इतिहास हवा होता. मार्च १९३७ मध्ये उच्च न्यायालयानं निकाल आपल्या बाजूनं दिला. ओंजळभर पाण्याच्या हक्कासाठी इतकी शास्त्रं कामाला लागली. अत्याचारग्रस्ताला घेऊन पोलीस ठाण्यात गेलेल्या कार्यकर्त्याला आजही हाच अनुभव येतो. नुसती भाषणं येऊन तिथं भागत नाही, आणि नुसती कलमं पाठ असूनही नाही.

पण याची किंमतही होती

इथं थांबलो तर हा लेख पुन्हा गौरवगीत होईल. अनेक आघाड्यांवर लढण्याची किंमत बाबासाहेबांनी मोजली. 'रिडल्स', 'क्रांती आणि प्रतिक्रांती' यांसारखी त्यांची हस्तलिखितं त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झाली नाहीत. काही प्रकरणं अर्धवट राहिली, काही पानं गहाळ झाली. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथसुद्धा १९५७ मध्ये, महापरिनिर्वाणानंतर छापून आला.

मग ते लेखन आपल्यापर्यंत आलं कसं? एकाच कामाला वाहून घेतलेल्या माणसांमुळे. मूळचे नागपूरचे वसंत मून महसूल खात्यात अधिकारी होते. बाबासाहेबांच्या समग्र लेखनाच्या संपादनाचं काम त्यांच्याकडे आलं आणि पुढचं आयुष्य त्यांनी त्यातच घातलं. कागद जमवायचे, जुळवायचे, मुद्रितं तपासायची. पहिला खंड १९७९ साली आला. १९८७ मध्ये 'रिडल्स'वरून वादळ उठलं, तेव्हा लाखोंनी रस्त्यावर उतरून आपण त्या पुस्तकाचं रक्षण केलं. पण रक्षण करायला आधी पुस्तक हातात असावं लागतं. ते मून यांनी दिलं.

त्यांच्याही आधी चांगदेव खैरमोडे होते. सचिवालयातली नोकरी सांभाळून त्यांनी बाबासाहेबांचं चरित्र लिहायला घेतलं. पत्रं, कात्रणं, आठवणी गोळा करत राहिले. पहिला खंड १९५२ साली प्रसिद्ध झाला. १९७१ मध्ये ते गेले, आणि उरलेले खंड पत्नी द्वारकाबाईंच्या चिकाटीमुळे पुढे येत राहिले. एकूण १२ खंड झाले. आज बाबासाहेबांवर लिहिणाऱ्या प्रत्येकाला या खंडांच्या दारात जावंच लागतं.

तेव्हा जो तरुण दिवसभर जुनी नियतकालिकं स्कॅन करत बसतो, त्याला 'चळवळीतून बाहेर पडला' म्हणण्याआधी मून आणि खैरमोडे आठवा. आणि जो चार विषयांत डोकं घालतो, त्याला हसण्याआधी कोलंबियाची यादी आठवा.

आपण काय ठरवायचं?

अनेक विषयांत हात घालणाऱ्यानं स्वतःला विचारावं, या सगळ्यांना जोडणारा माझा प्रश्न कोणता? सांगता येत नसेल तर आपण नुसते भटकतो आहोत. दुसरं, मी शेवटाला काय नेलं? लंडनमध्ये परीक्षकांनी प्रबंधात बदल सुचवले, तेव्हा बाबासाहेबांनी तो सोडून दिला नाही, पुन्हा लिहून सादर केला. नवा विषय घेणं सोपं असतं, जुना तडीस नेणं अवघड.

एकाच कामाला वाहून घेतलेल्यानंही विचारावं, हे काम मी निवडलं की परिस्थितीनं माझ्या गळ्यात घातलं? चौथ्यांदा, पाचव्यांदा परीक्षा देणारे माझे कितीतरी भाऊबहीण हा प्रश्न टाळतात. घरची आशा आणि आरक्षित जागांची वाट यांत त्यांची उमेदीची वर्षं जातात. त्यांना मी नावं ठेवत नाही, कारण पोटाचा प्रश्न खरा आहे. पण एकाच दरवाज्यासमोर उभं राहणं म्हणजे निष्ठा नव्हे. तो दरवाजा उघडला नाही तर दुसरं काही हातात असावं, एवढंच सांगणं आहे.

आपल्या आया-आज्या फाटक्या लुगड्यांच्या चिंध्या जपून ठेवायच्या आणि त्यांचीच वाकळ शिवायच्या. अख्खं घर त्या वाकळेत निजायचं. म्हणून कुणी 'भाराभर चिंध्या' म्हटलं तर लाजू नका. आपल्याकडे दोरा आहे का, आणि शिवायला बसायची तयारी आहे का, एवढं मात्र पाहा.

जय भीम!