शाल-श्रीफळाआधी तो पाण्याचा माठ आठवा

सप्टेंबर महिना आला की 'आदर्श प्राध्यापक' पुरस्कारांचा सुकाळ होतो. शाल, श्रीफळ, स्मृतिचिन्ह, व्यासपीठावर आमदारसाहेब आणि दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो. आपल्या चळवळीतल्या संस्थाही यात मागे नाहीत. प्राध्यापकांचा सन्मान होऊ नये, असे आम्ही म्हणत नाही. आमचा प्रश्न एवढाच आहे की सन्मान कशाचा? अध्यापनाचा आणि विद्वत्तेचा, की पदाचा आणि ओळखीपाळखीचा? याचे उत्तर बाबासाहेबांच्या चरित्रात सापडते. कारण ते विद्यार्थी होते, प्राध्यापक होते आणि महाविद्यालये उभारणारेही होते.

नोव्हेंबर १९१८ मध्ये बाबासाहेब मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. कोलंबियात शिकलेला हा माणूस वर्गात इतक्या तयारीने शिकवायचा, की इतर कॉलेजांतले विद्यार्थीही त्यांची व्याख्याने ऐकायला येऊ लागले. पण त्याच कॉलेजात, प्राध्यापकांसाठी ठेवलेल्या माठातले पाणी त्यांनी पिऊ नये, असा आक्षेप काही सहकाऱ्यांनी घेतला. म्हणजे विद्यार्थ्यांनी विद्वत्ता ओळखली आणि विद्वान म्हणवणाऱ्यांनी जात ओळखली. अध्यापनाचा गौरव कोण करू शकतो, हे इथेच स्पष्ट होते. मार्च १९२० मध्ये त्यांनी ती नोकरी सोडली. पगारातली बचत, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेली उसनवारी यांच्या बळावर ते अपुरे शिक्षण पुरे करायला लंडनला गेले.

आता बाबासाहेबांनी आपल्या शिक्षकांचा सन्मान कसा केला ते पाहू. जॉन ड्यूई हे कोलंबियातले त्यांचे प्राध्यापक. १९३६ च्या 'जातिप्रथेचे विध्वंसन' या न झालेल्या भाषणात त्यांनी ड्यूईंचे ऋण स्पष्ट मान्य केले, आणि त्यांचा विचार जातीविरुद्धच्या युक्तिवादात वापरला. शिक्षकाचा विचार आपल्या समाजाच्या मुक्तीसाठी कामाला लावणे, याहून मोठा सत्कार कोणता? १९५२ च्या जून महिन्यात कोलंबिया विद्यापीठाने बाबासाहेबांना मानद पदवी दिली. त्याच महिन्याच्या १ तारखेला, पदवीदानाच्या चार दिवस आधी, ड्यूई वारले होते.

दुसरे उदाहरण एडविन कॅनन यांचे. लंडनच्या या प्राध्यापकांनी 'रुपयाचा प्रश्न' या १९२३ च्या ग्रंथाला प्रस्तावना लिहिली. बाबासाहेबांनी ज्या सुवर्ण विनिमय पद्धतीवर टीका केली, तिच्याच बाजूने कॅनन यांचे मत होते आणि ते त्यांनी प्रस्तावनेतच मांडले. शिष्याने तीच प्रस्तावना आपल्या ग्रंथाच्या आरंभी छापली. मतभेद झाला म्हणून गुरू रुसला नाही आणि शिष्य बिथरला नाही. आज किती मार्गदर्शक आपल्या पीएचडीच्या विद्यार्थ्याचा असा विरोध सहन करतात? पाया पडणे म्हणजे गुरुभक्ती, ही ब्राह्मणी परंपरा झाली. ज्या परंपरेने एकलव्याचा अंगठा मागितला, तिच्याकडून आपण सन्मानाची रीत कशाला उसनी घ्यायची?

१९४५ मध्ये बाबासाहेबांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ आणि १९५० मध्ये औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालय उभे राहिले. मिलिंदला म. भि. चिटणीसांसारखे प्राचार्य लाभले. त्यांचे 'युगयात्रा' हे नाटक मिलिंदच्याच विद्यार्थ्यांच्या रंगमंचावर आले. याच मिलिंदमध्ये गंगाधर पानतावणे यांनी शिकवले. त्यांनी 'अस्मितादर्श' चालवले आणि खेड्यापाड्यांतल्या पहिल्या पिढीच्या लिहित्या हातांना व्यासपीठ दिले. त्यांना पद्मश्री जाहीर व्हायला २०१८ साल उजाडले आणि त्याच वर्षी मार्चमध्ये ते गेले. पण त्यांचा खरा सन्मान त्याआधी कित्येक दशके चालू होता. 'अस्मितादर्श'मधून घडलेला प्रत्येक लेखक हेच त्यांचे स्मृतिचिन्ह होते.

आणि आजचे चित्र? आरक्षित जागांचा अनुशेष भरला जात नाही. मुलाखतीला गेलेल्या आपल्या मुलांना 'योग्य उमेदवार आढळला नाही' असा शेरा मिळतो. नेट-सेट झालेले, पीएचडी झालेले तरुण वर्षानुवर्षे तासिका तत्त्वावर राबतात. पुरस्काराचा अर्ज भरायचा तर कायम नोकरी लागते, प्राचार्यांची शिफारस लागते. मग जो दोन कॉलेजांत तास घेऊन संध्याकाळी वस्तीतल्या मुलांना मोफत शिकवतो, त्याची विद्वत्ता मोजणार कोण?

म्हणून कार्यकर्त्या मित्रांनो, पुढच्या वेळी सत्कार ठरवाल तेव्हा तीन प्रश्न विचारा. या प्राध्यापकामुळे पहिल्या पिढीतले किती विद्यार्थी टिकले? त्यांनी लिहिलेले काही आपण वाचले आहे का? आणि विद्यार्थ्याने त्यांना प्रश्न विचारला तर ते ऐकून घेतात का? उत्तरे विद्यार्थ्यांकडूनच घ्या, संस्थाचालकांकडून नको. ज्यांना निवडाल त्यांना शालीऐवजी ग्रंथ द्या, दहा मिनिटांच्या भाषणाऐवजी त्यांच्या लेखनावर दोन तासांची चर्चा ठेवा. आणि सत्काराइतकाच जोर अनुशेष भरण्याच्या मागणीवर द्या. वर्गात येऊच न दिलेल्या प्राध्यापकाचा सत्कार कुठल्याच व्यासपीठावर होत नसतो.

जय भीम!