हिरव्या गोळीचा शोध

पुण्याच्या जुन्या बाजारात एका रविवारी मोटारसायकलच्या मीटरांच्या ढिगात मला एक विचित्र यंत्र सापडलं. पितळी चौकटीत दोन उभ्या काचेच्या नळ्या. एका नळीत मोहरीपेक्षा जराशी मोठी लाल गोळी, दुसरी नळी रिकामी. विकणाऱ्याच्या मते तो थर्मामीटर होता. तीनशे म्हणाला, दीडशेला दिलं.

आमच्या सोसायटीत एक आजोबा राहतात. तरुणपणी ते हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरवर ग्लायडर उडवायला शिकले. त्यांनी यंत्र हातात घेतलं आणि लगेच म्हणाले, "अरे, हे तर कॉसिम! वर चाललास की हिरवी गोळी उचलते, खाली चाललास की लाल. तुझी हिरवी हरवलीय. म्हणजे हे फक्त पडण्याचीच बातमी देणार."

त्या दिवसापासून मी हिरव्या गोळीच्या मागे लागलो.

ग्लायडरला इंजिन नसतं. तापलेल्या जमिनीवरून वर चढणारी हवा, म्हणजे थर्मल, शोधायची आणि घारीसारखं तिच्यात गोल फिरत उंची मिळवायची. पण आपण वर चाललोय की खाली, हे उंचावर गेल्यावर शरीराला नीट कळत नाही. पहिल्या महायुद्धानंतर व्हर्सायच्या तहाने जर्मनीच्या इंजिनवाल्या विमानांवर बंधनं आणली, तेव्हा तिथली तरुण पोरं ग्लायडरकडे वळली. 1920 पासून वासरकुप्प नावाच्या डोंगरावर त्यांच्या स्पर्धा भरू लागल्या. सुरुवातीला सगळे डोंगराला आपटून वर येणाऱ्या वाऱ्यावरच तरंगत. मग रॉबर्ट क्रोनफेल्ड या ऑस्ट्रियन वैमानिकाने, अलेक्झांडर लिपिश यांच्या सुचवण्यावरून, ग्लायडरमध्ये व्हेरिओमीटर बसवला. बलूनवाले तो आधीपासून वापरत होते. 1929 मध्ये क्रोनफेल्डने शंभर किलोमीटरची मर्यादा ओलांडली. तो ज्यू होता. नाझी सत्तेवर आल्यावर जर्मनी सोडून तो ब्रिटनला गेला आणि 1948 मध्ये तिथेच एका प्रायोगिक विमानाची चाचणी घेताना गेला.

व्हेरिओमीटरची युक्ती आपल्या स्वयंपाकघरातली आहे. एक थर्मास घ्यायचा आणि त्याच्या तोंडाला नळी लावायची. वर जाताना बाहेरचा दाब कमी होतो, थर्मासमधली हवा बाहेर पडते. खाली येताना ती आत शिरते. कॉसिममध्ये बाहेर पडणारी हवा हिरवी गोळी उचलते, आत शिरणारी लाल. नळी वरच्या बाजूला किंचित रुंद होत जाते, त्यामुळे वेग जितका जास्त तितकी गोळी वर. मी हिशेब केला. थर्मास अर्ध्या लिटरचा आणि चढण्याचा वेग सेकंदाला एक मीटर असेल, तर सेकंदाला एका घनसेंटीमीटरचा जेमतेम विसावा भाग हवा हलते. एवढ्याशा फुंकरीने गोळी उचलली पाहिजे.

आधी चौकट उघडायची होती. एक स्क्रू गंजून तुटला. हार्डवेअरच्या दुकानातला तीन मिलिमीटरचा स्क्रू जाईना. जोर लावला असता तर आटे कायमचे गेले असते. शेवटी घड्याळं दुरुस्त करणाऱ्या एका काकांनी भिंगातून पाहून सांगितलं, "हा बीए आटा आहे, साहेब. इंग्लिश माल." ब्रिटिश असोसिएशनचे हे आटे 1884 मध्ये ठरले, आणि त्यांचं मूळ स्विस घड्याळजींच्या आट्यांत होतं. काकांच्या डब्यात तसे चार स्क्रू होते. पैसे घेईनात. म्हणाले, "दुकान दिवाळीला बंद करतोय. कुणाच्या तरी उपयोगी पडू देत."

आता गोळी. थर्माकोलचा दाणा नळीच्या काचेला चिकटून बसला. मोहरी जागची हलेना. मग शाळेतल्या स्थिरविद्युतच्या प्रयोगातली भेंडाची गोळी आठवली. ज्वारीच्या वाळक्या ताटातलं भेंड काढलं, ब्लेडने तासलं आणि बारीक पॉलिशपेपरवर फिरवलं. तेराव्या प्रयत्नात नळीत सैलसर उतरणारी गोळी झाली. तिला हिरवी शाई लावली.

आजोबांना वाटलं होतं मी खूश होईन तसे तेही होतील. पण त्यांनी विचारलं, "खरं सांगते का ती?" मग म्हणाले, "खोटी बातमी देणारं यंत्र रिकाम्या नळीपेक्षा वाईट. माणूस पडत्या हवेत गोल फिरत बसतो आणि मैदानापर्यंत पोचत नाही."

तपासायचं कसं? उत्तर आमच्या इमारतीतच होतं. लिफ्ट दहा मजले, म्हणजे साधारण तीस मीटर, तीस सेकंदांत जाते. वर आणि खाली वेग सारखाच. मूळची लाल गोळी खाली येताना जो आकडा दाखवते, तोच हिरवीने वर जाताना दाखवायला हवा.

लाल तीनच्या जरा वर थांबली. नळीवरचे आकडे फूट प्रति सेकंदात आहेत, म्हणजे हिशेब बरोबर. हिरवी थेट पाचवर गेली. फार हलकी. नेलपॉलिशचा एक पातळ हात दिला. साडेचार. मग आणखी एक. लिफ्टमध्ये थर्मास आणि रबरी नळ्या घेऊन वरखाली करणाऱ्या माणसाकडे शेजारी तीन दिवस बघत होते.

चौथ्या दिवशी आजोबा सोबत आले. त्यांचे गुडघे आता साथ देत नाहीत, म्हणून मी लिफ्टमध्ये स्टूल ठेवलं. ते ज्या ग्लायडरवर शिकले त्याचं नाव रोहिणी. त्यात गुरू आणि शिष्य शेजारी शेजारी बसत. आपल्या नागरी विमान खात्याने दिल्लीत बनवलेल्या ग्लायडरना नक्षत्रांची नावं दिली होती: अश्विनी, भरणी, कार्तिक, रोहिणी, मृगशीर्ष. रोहिणी 1961 मध्ये पहिल्यांदा उडाली.

दार बंद झालं. हिरवी गोळी थरथरली, उचलली आणि तीनच्या जरा वर थांबली. आजोबांचा उजवा हात नकळत मांडीवर आला. बोटं मिटली, जणू दांडा धरलाय. दहाव्या मजल्यावर गोळी खाली बसली. ते म्हणाले, "परत एकदा."

पुढे एका संग्राहकाने फोन केला. सगळे भाग मूळचे आहेत असं लिहून दिलंस तर चांगली किंमत देतो म्हणाला. मी नाही म्हणालो. यंत्राच्या मागे मी एक चिठ्ठी चिकटवली आहे: एक स्क्रू घड्याळजींच्या डब्यातला, रबरी नळ्या नव्या, हिरवी गोळी ज्वारीच्या भेंडाची, लिफ्टमध्ये तपासलेली, उड्डाणासाठी वापरू नये. पुढे कुणी हे उघडलं, तर त्याला काय मूळचं आणि काय माझं, हे कळायला हवं.