घर घेण्यापूर्वी : कागदांमागचा इतिहास

आजचा विषय ऐकून काहींना वाटेल, तत्त्वज्ञान शिकवणाऱ्याने घरखरेदीवर काय बोलावं? त्यासाठी वकील आहेत की! वकील लागतोच, त्यात वाद नाही. पण वकिलाकडे जाताना आपण नेमकं काय विचारायचं, हे तरी आपल्याला कळायला हवं ना? ते कळण्यासाठी थोडा इतिहास पाहू.

सुरुवात एका जुन्या प्रश्नाने करू. मालकी म्हणजे काय? आपल्या परंपरेत याला ‘स्वत्व’ म्हणतात आणि त्यावर शेकडो वर्षं वाद झालेला आहे. ‘मिताक्षरा’कार विज्ञानेश्वराच्या मते स्वत्व लौकिक आहे, म्हणजे ते लोकव्यवहारातून ठरतं. बंगालच्या रघुनाथ शिरोमणीने तर स्वत्व हा वेगळा पदार्थच मानला. या वादातली एकच गोष्ट आपल्यापुरती घेऊ. भिंत दिसते, खिडकी दिसते, पण मालकी दिसत नाही. सॅम्पल फ्लॅट कितीही वेळा बघितला तरी त्यात ती सापडणार नाही. ती कागदांतून आणि व्यवहारांतून शोधावी लागते. आणि यातले बरेचसे कागद कुणीतरी आधी फसलं, अडकलं, म्हणून जन्माला आले आहेत.

मुंबईचंच उदाहरण घेऊ. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इथला मध्यमवर्गीय आणि कामगार भाड्याने राहायचा, चाळीत. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर बांधली गेली. भाडेकरूला संरक्षण मिळालं, पण मालकाला दुरुस्तीही परवडेना. मग ‘पागडी’ फोफावली. रोख रक्कम द्यायची आणि भाडेकरू व्हायचं. १९९९ च्या भाडेनियंत्रण कायद्याने अशी रक्कम घेण्याला मान्यता दिली. तरी लक्षात ठेवू, पागडीच्या घरात आपण भाडेकरूचा हक्क विकत घेतो, मालकी नाही. किंमत कमी दिसते ती उगाच नाही.

दुसरी वाट सहकाराची. १९१५ मध्ये गावदेवीला सारस्वत को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी उभी राहिली. रावबहादूर तालमकी यांचं नाव तिच्याशी जोडलेलं आहे. इथे इमारत सोसायटीची आणि सभासद तिथे भाडेकरूच्या नात्याने राहणार, अशी रचना होती.

स्वातंत्र्यानंतर शहर वाढलं. भाड्याने इमारत बांधणं तोट्याचं झालं, म्हणून बांधणारे ‘ओनरशिप’ने फ्लॅट विकू लागले. यात नवल असं की विकली जायची ती हवेतली जागा, आणि खालची जमीन कुणाची, हे घेणाऱ्याला ठाऊक नसायचं. पैसे घ्यायचे, करार द्यायचा नाही. नकाशा एक दाखवायचा, बांधायचं भलतंच. म्हणून १९६३ चा महाराष्ट्र ओनरशिप फ्लॅट्स कायदा आला, ज्याला सगळे ‘मोफा’ म्हणतात. गैरप्रकार वाढत चालल्याचं या कायद्याच्या प्रस्तावनेतच नमूद आहे. बिल्डरने जमिनीच्या हक्काची खरी माहिती द्यावी, लेखी करार करून तो नोंदवावा, आणि सोसायटी झाल्यावर जमीन-इमारत तिच्या नावावर करून द्यावी, हे त्याने बंधनकारक केलं.

ही शेवटची अट म्हणजे कन्व्हेयन्स. करारात वेगळी मुदत नसेल तर सोसायटी नोंदल्यापासून चार महिन्यांत ते व्हायला हवं. प्रत्यक्षात असंख्य सोसायट्यांचं वर्षानुवर्षं झालंच नाही. तेव्हा २००८ मध्ये कायदा दुरुस्त करून ‘मानीव अभिहस्तांतरणा’ची सोय झाली. बिल्डर सही देत नसेल तर सोसायटीने जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करायचा. हे आज का महत्त्वाचं? कारण जुन्या इमारती पुनर्विकासाला आल्या आहेत. कन्व्हेयन्स नसेल तर वाढीव एफएसआयवर मूळ जमीनमालक किंवा बिल्डर हक्क सांगत येतो, आणि तीस वर्षं हप्ते फेडलेली माणसं आपल्याच दारात अडून राहतात.

आता ओसी, म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र. वरळीचं कॅम्पा कोला कंपाउंड आठवा. ऐंशीच्या दशकात परवानगी पाच मजल्यांची होती, पण बांधकाम त्याच्या कितीतरी वर गेलं. लोक ओसीशिवाय राहायला गेले. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वरच्या मजल्यांना संरक्षण नाकारलं. राहणाऱ्यांनी पैसे प्रामाणिकपणे मोजले होते. पण पैसे मोजले म्हणून बेकायदा मजला कायदेशीर होत नाही.

पार्किंगचीही तीच गत. ‘मोफा’खाली इमारतीखालची स्टिल्टची किंवा उघडी जागा बिल्डरला फ्लॅटसारखी वेगळी विकता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये स्पष्ट केलं.

मग आला २०१६ चा रेरा. महाराष्ट्रात महारेराचं काम २०१७ पासून सुरू झालं. ‘सुपर बिल्ट-अप’ नावाच्या गूढ आकड्यात जिना-लिफ्टसुद्धा आपल्या माथी मारली जायची. रेराने कार्पेट क्षेत्राची व्याख्याच बांधून दिली. नोंदणीकृत कराराशिवाय दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. ग्राहकांच्या पैशातला सत्तर टक्के भाग वेगळ्या खात्यात ठेवावा लागतो, एका प्रकल्पाचे पैसे दुसरीकडे वळू नयेत म्हणून. ताब्यानंतर पाच वर्षांत बांधकामात दोष दिसला तर तो बिल्डरने स्वखर्चाने दुरुस्त करायचा.

पण जुना फ्लॅट दुसऱ्या मालकाकडून घेतला तर रेराचं हे छत्र डोक्यावर नसतं. तिथे पहिल्या खरेदीपासूनचे सगळे करार साखळीने जुळतात का ते बघायचं, शेअर सर्टिफिकेट बघायचं, बँकेचा बोजा आणि सोसायटीची थकबाकी विचारायची. मालक वारला असेल तर सगळ्या वारसांच्या सह्या हव्यात, लग्न होऊन गेलेल्या मुलींच्यासुद्धा. ‘बहीण काही मागणार नाही’ या तोंडी शब्दावर व्यवहार करायचा नाही.

गावाकडे प्लॉट घेणाऱ्यांसाठी एक सांगतो. सात-बारा ही मुळात महसुलाची नोंद आहे. ती महत्त्वाची खरी, पण ती म्हणजे मालकीचा अखेरचा पुरावा नव्हे. जोडीला जुने फेरफार, खरेदीखतं आणि उपनिबंधक कार्यालयातली सूची दोन, यांचा निदान तीस वर्षांचा शोध वकिलाकडून घ्यावा.

तेव्हा टोकन देण्याआधी चार प्रश्न विचारू या. जमीन कुणाची? बांधकामाला परवानगी किती आणि ओसी आहे का? मला मिळणार ते नेमकं काय, मालकी की भाडेहक्क, आणि कार्पेट किती? यावर आणखी कुणाचा हक्क किंवा बोजा आहे का? उत्तर तोंडी आलं तर कागद मागायचा. कागद मागितल्यावर समोरचा रागावला, तर तेही एक उत्तरच समजायचं.

आता तुमचे प्रश्न घेऊ.