‘आम्ही’ नावाचे चलन

वडिलांच्या छापखान्यात लाल कापडी बांधणीची उधारीची वही होती. लग्नपत्रिका, बिलबुके, हँडबिले यांचे येणे एका बाजूला. कागद, शाई, खिळे यांचे देणे दुसऱ्या बाजूला. मी अकरावीत असताना एकदा त्यांनी बेरीज मारली, तर येणे देण्यापेक्षा जास्त निघाले. तरीही कागद उधार मिळेना म्हणून ट्रेडल तीन आठवडे बंद राहिले. आमचे सर्वांत मोठे येणे एका कापडदुकानदाराकडे होते, आणि आम्हांला कागद नाकारणारा व्यापारी त्याच दुकानदाराचे देणे लागत होता, हे पुढे कळले. तिघांनी एका बैठकीत वह्या उघडल्या असत्या, तर बरीच उधारी एक रुपयाही न हलता फिटली असती. पण तशी बैठक बोलावणारे कोणी नव्हते.

युरोपातल्या छोट्या व्यावसायिकांनी अशी बैठक खरोखर भरवली. त्याचा इतिहास शोधायला मी लागलो तो या वहीमुळे.

सुरुवात ऑस्ट्रियात होते. मे १९३१ मध्ये व्हिएन्नाची क्रेडिटआन्स्टाल्ट ही बडी बँक कोसळली आणि मध्य युरोपातला पैसा आटला. सुतार होते, लाकूड होते, मोडके रस्ते होते. मजुरी द्यायला शिलिंग नव्हते. टिरोल प्रांतातल्या व्योर्गल या छोट्या गावाचे महापौर मिखाएल उंटरगुगेनबेर्गर हे रेल्वेत काम केलेले गृहस्थ. त्यांनी सिल्व्हिओ गेझेल वाचला होता. अर्जेंटिनात व्यापार केलेल्या या विचारवंताचे म्हणणे असे की धान्य किडते, लोखंड गंजते, मग पैशानेच का टिकून राहावे? त्यालाही गंज चढू द्या, म्हणजे लोक तो दाबून ठेवणार नाहीत. जुलै १९३२ मध्ये व्योर्गल नगरपालिकेने स्वतःच्या नोटा काढल्या. नोट चालू ठेवायची तर दरमहा एक टक्का किमतीचे तिकीट तिच्यावर चिकटवायचे. रस्ते झाले, पूल झाला, थकलेले कर जमा झाले. १९३३ च्या सप्टेंबरात सरकारी बंदीने प्रयोग संपला.

पंधराएक वर्षांपूर्वी एका ग्रंथालयाच्या व्याख्यानमालेत मी ही कथा चमत्कारासारखी सांगितली होती. टाळ्याही मिळाल्या. नंतर आकडे पाहिले तेव्हा थोडा शरमलो. प्रत्यक्ष फिरणाऱ्या नोटा सरासरी पाच-सहा हजार शिलिंगांच्याच होत्या. तेवढ्यातून गावाचा कायापालट झाला, असे म्हणणे म्हणजे हळदीकुंकवाच्या वाणावर संसार चालवण्यासारखे आहे. प्रयोग खरा होता, धाडसी होता. आख्यायिका मात्र त्याच्यापेक्षा बरीच मोठी झाली.

मला अधिक शिकवले ते झुरिचने. १६ ऑक्टोबर १९३४ रोजी वेर्नर झिमरमान, पाउल एन्झ आणि त्यांचे सहकारी, असे सोळा जण एकत्र आले आणि त्यांनी एक सहकारी संस्था काढली. ‘विर्टशाफ्ट्सरिंग’, म्हणजे अर्थव्यवहाराचे कडे. त्याचेच लघुरूप ‘विर’. जर्मनमध्ये ‘विर’ म्हणजे ‘आम्ही’. ‘आपण’सुद्धा. ही दोन सर्वनामे मराठीत वेगळी असल्यामुळे आपल्याला जो प्रश्न सुचतो तो त्यांना सुचला नसावा: हे चलन ‘आम्हां’ मोजक्यांचे, की ‘आपणा’ सर्वांचे?

रचना अशी. नोटा नाहीत, फक्त खाती. एक विर बरोबर एक स्विस फ्रँक. खानावळवाल्याने सुताराकडून टेबले घेतली की त्याच्या खात्यातून विर वजा, सुताराच्या खात्यात जमा. सुताराने ते गवंड्याला द्यायचे, गवंड्याने पुढे. बहुतेक सभासद बिलाचा काही भाग विरमध्ये आणि उरलेला फ्रँकमध्ये घेत, कारण नोकरांचा पगार आणि सरकारी कर फ्रँकमध्येच भरावे लागत. घर किंवा जमीन तारण ठेवून विरमध्ये कर्जही मिळे. या कर्जासाठी संस्थेला बाहेरून व्याजाने ठेवी गोळा कराव्या लागत नसत, म्हणून ते स्वस्त पडे. बांधकामवाले, कारागीर, हॉटेलवाले यांना ही पद्धत मानवली. परदेशातून माल आणणाऱ्याला ती फारशी उपयोगी नव्हती.

संस्थापक गेझेलचे अनुयायी होते, म्हणून सुरुवातीला विरलाही गंज होता. १९३६ मध्ये संस्था स्विस बँकिंग कायद्याखाली आली, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर तिने तो गंज सोडून दिला. गेझेलवाद्यांना ही फितुरी वाटली. मला वाटत नाही. व्योर्गलची नोट सरकारच्या नाण्याला उघड आव्हान देत होती, म्हणून चौदा महिन्यांत मेली; विर बँकेच्या दफ्तरात जाऊन बसले, म्हणून टिकले. पण किंमत मोजावी लागली, हेही खरे. ज्यांच्याकडे तारण ठेवायला काहीच नाही, अशा माणसाला विरचे कर्जही अवघडच. माझ्या वडिलांकडे भाड्याची जागा आणि एक ट्रेडल होते.

माणसाचा स्वभावही आड आला. हातात विर साठलेले सभासद ते सवलतीत रोख फ्रँकला विकू लागले, आणि विरची पत घसरू लागली. १९७३ मध्ये संस्थेने या व्यवहारावर बंदी घातली. तरी चक्र चालत राहिले. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जेम्स स्टॉडर यांनी अनेक दशकांचे आकडे तपासले, तेव्हा दिसले की स्वित्झर्लंडमध्ये मंदी आली की विरची उलाढाल वाढते, आणि तेजीत ती ओसरते. फ्रँक मिळेनासा झाला की दुकानदार एकमेकांकडे वळतात. वडिलांच्या वहीला मी जे विचारत होतो, त्याचे उत्तर मला या निष्कर्षात सापडले.

२००८ च्या आर्थिक अरिष्टानंतर इटलीच्या सार्डिनिया बेटावर काही तरुण मित्रांनी विरचा धडा गिरवला. सेरामान्ना गावातून त्यांनी ‘सार्डेक्स’ सुरू केले. एक सार्डेक्स म्हणजे एक युरो, मात्र युरोत बदलून मिळत नाही. बाकीवर व्याज नाही. त्यात मला सर्वांत आवडलेली गोष्ट अगदी साधी आहे. ज्याच्या खात्यात फार जमा साठली, किंवा जो फार उण्यात गेला, त्याच्याशी संस्थेचा माणूस संपर्क साधतो आणि कोणाकडून माल घ्यावा, कोणाला विकावा, ते जुळवून देतो.

आमच्या पेठेत असा माणूस नव्हता. छापखाना १९९४ साली विकला. वही मी ठेवून घेतली. कापडदुकानदाराचे नाव तिच्यात अजून येण्याच्या बाजूलाच आहे.