एका डॉलरची गोळी आणि १९७० चा कायदा

एड्सवरील औषधांचा इतिहास तुम्हाला बहुधा वैद्यकाचा विषय वाटेल. मी अभियांत्रिकी शिकवतो. मला तो प्रक्रियेचा आणि कायद्याचा इतिहास वाटतो.

तीन औषधे एकत्र दिली की एचआयव्ही आटोक्यात राहतो, हे १९९६ च्या सुमारास स्पष्ट झाले. पण खर्च माणशी वर्षाला १० ते १५ हजार डॉलर. मुख्यतः लैंगिक संबंधांतून पसरणाऱ्या या रोगाचे सर्वाधिक रुग्ण आफ्रिकेत, आणि औषध मात्र श्रीमंत देशांत. दक्षिण आफ्रिकेने १९९७ मध्ये स्वस्त औषधे आणता यावीत म्हणून कायदा केला, तर औषध कंपन्या त्याविरुद्ध न्यायालयात गेल्या.

आता मुंबईकडे वळा. आपल्या १९७० च्या पेटंट कायद्यानुसार औषधावर पेटंट मिळत नसे, ते बनवण्याच्या पद्धतीवर मिळे. तोच रेणू वेगळ्या मार्गाने बनवला तर ती चोरी ठरत नसे. (परीक्षेत हा फरक निम्मे विद्यार्थी चुकवतात.) स्टॅव्ह्युडिन, लॅमिव्ह्युडिन आणि नेविरॅपिन ही औषधे परदेशांत तीन वेगवेगळ्या कंपन्यांच्या हाती होती, त्यामुळे ती एका गोळीत आणणे तिथे अवघड होते. सिप्लापुढे ती अडचण नव्हती. तिने तिन्ही एकत्र केली. सकाळी एक, रात्री एक गोळी पुरेशी झाली. फेब्रुवारी २००१ मध्ये सिप्लाचे युसुफ हमीद यांनी 'मेदसाँ साँ फ्राँतिए' या डॉक्टरांच्या संस्थेला हे उपचार वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ केले. म्हणजे दिवसाला एका डॉलरहून कमी!

त्याच एप्रिलमध्ये ३९ कंपन्यांनी दक्षिण आफ्रिकेतील खटला मागे घेतला. त्यामागे तिथल्या रुग्णांच्या चळवळीचा रेटाही मोठा होता. नोव्हेंबरमध्ये दोहा येथे जागतिक व्यापार संघटनेने पेटंटपेक्षा सार्वजनिक आरोग्याला महत्त्व देण्याचा देशांचा अधिकार मान्य केला.

हमीद यांची दानत मोठीच, पण माझ्या मते कायदा नसता तर तिला वाव मिळाला नसता. १ जानेवारी २००५ पासून आपणही औषधांवर पेटंट देऊ लागलो.

जबलपूरला वर्गात हे सांगितले की कोणीतरी विचारतेच, "सर, मग आपल्याकडे ही गोळी कधी मिळाली?" सरकारी मोफत उपचार सुरू झाले १ एप्रिल २००४ रोजी, आठ केंद्रांवर. मुंबईचे जे. जे. रुग्णालय त्यांत होते. सुरुवातीच्या सहा राज्यांत आणि दिल्लीत मिळून ही केंद्रे होती. मध्य प्रदेश त्यांत नव्हता.